वजन कोण पेलते?

मुंबईत चर्चगेट स्टेशनाबाहेर पडून रस्ता ओलांडला की ओव्हल मैदान लागते. मैदान आडवे ओलांडणाऱ्या पायवाटेवर मध्यभागी उभे राहू. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय दिसते. टोकदार कमानी, मनोरे, उतरती छपरे असा सगळा दगडी थाट. पश्चिमेला तोंड केले की राहत्या इमारतींची रांग दिसते. सपाट गच्च्या, गोलाई दिलेले सज्जे आणि खिडक्यांवरून सलग धावणारे पातळ छज्जे. या दोन रांगांमध्ये सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. या परिसरातल्या ९४ इमारतींना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सहलीला नेताना आपण मुलांना खुणांची यादी देतो. टोकदार कमान म्हणजे गॉथिक, घुमट म्हणजे इंडो-सारासेनिक, गोल कोपरे म्हणजे आर्ट डेको. यादी उपयोगी असते, पण ती लवकरच फसवते. टोकदार कमान विद्यापीठात आहे, विजापूरच्या मशिदींतही आहे आणि गेटवे ऑफ इंडियालाही आहे. म्हणून आम्ही सुचवतो की आधी एक साधा प्रश्न विचारावा: दारा-खिडकीच्या पोकळीवरचे वजन कोण पेलते आहे?

खोडरबराच्या कडेवर जवळजवळ उभ्या रेघा आखा आणि तो मधोमध खाली वाकवा. वरच्या बाजूच्या रेघा जवळ येतात, खालच्या दूर जातात. म्हणजे वर दाब असतो, खाली ताण. दगड दाब भरपूर सोसतो, पण ताणाखाली लवकर तडकतो. त्यामुळे दगडी तुळई फार लांब ठेवता येत नाही आणि खांब जवळजवळ उभारावे लागतात. प्राचीन ग्रीक मंदिरांचे रूप असे घडले. १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या दर्शनी भागात हेच रूप घेतलेले आहे.

कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो. ताण जवळजवळ उरत नाही, पण कमान पायथ्याशी बाजूला रेटा देते. दोन पुस्तकांमध्ये पोस्टकार्ड कमानीसारखे वाकवून धरा आणि वरून दाबा, पुस्तके सरकतील. रुंदी आणि वजन तेच ठेवून कमानीची उंची दुप्पट केली, तर हा रेटा साधारण निम्मा होतो. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गवंड्यांनी तिचा असा उपयोग केला आणि रेटा पेलायला बाहेरून दगडी टेकू दिले. त्यामुळे भिंतींत मोठमोठ्या खिडक्या ठेवता आल्या.

मग ही कमान एकोणिसाव्या शतकात मुंबईला कशी आली? १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेत सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन जोरात होते. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केले. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. टॉवरला नाव त्यांच्या आईचे. १८७८ साली ही बांधकामे पुरी झाली. ऊन-पावसासाठी त्यांत खुले व्हरांडे आले.

पण तेव्हा दुसरा मार्ग उपलब्ध होता. चालत काही मिनिटांवर, काळा घोड्याजवळ, वॉटसन हॉटेल १८६९ सालीच उभे होते. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणून इथे जोडला होता. तेव्हा टोकदार कमान ही बांधकामाची गरज राहिली नव्हती. ती पसंती होती.

गेटवेकडे गेले की हे अधिक स्पष्ट होते. जॉर्ज विटेट यांच्या या वास्तूची रूपरेषा सोळाव्या शतकातल्या गुजरातची आठवण देते. प्रत्यक्षात ती १९२४ साली खुली झाली आणि तिच्यात पिवळ्या बेसॉल्टबरोबर लोखंडी सळ्यांचे काँक्रीटही आहे. चेहरा जुना, तंत्र नवे. भारतीय राज्यकर्त्यांची शैली उचलून इंग्रज सत्ता त्यांचा वारसा सांगू पाहत होती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली.

आता पुन्हा ओव्हलच्या पश्चिमेला येऊ. काँक्रीट दगडासारखेच दाब सोसते, आणि ताण येतो तिथे पोलादी सळ्या घातलेल्या असतात. उष्णतेने दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात, म्हणून ती एकमेकांना सोडत नाहीत. यामुळे सज्जा खालून आधार नसतानाही बाहेर काढता आला, कोपऱ्यात खिडकी ठेवता आली आणि पातळ छज्जाने ऊन-पाऊस अडवता आला. १९३८ साली सुरू झालेले इरॉस सिनेमागृह सोराबजी भेदवार यांचे. भारतीय वास्तुतज्ज्ञांची नवी पिढी या काळात पुढे आली. इथे तंत्र बऱ्याच अंशी चेहऱ्यावरच दिसते.

खुणांची यादी मुलांकडे असू द्यावी, पण तिच्याबरोबर दोन प्रश्न द्यावेत. वजन कोण पेलते? आणि दुसरी पद्धत उपलब्ध असताना हे रूप कोणी, कशासाठी निवडले? पहिल्याचे उत्तर विज्ञानात शोधावे लागते, दुसऱ्याचे इतिहासात. सुरुवातीला मुंबईला जायलाच हवे असे नाही. आपल्या शाळेच्या खिडकीवर लाकूड आहे, दगडी कमान आहे की काँक्रीट, हे उद्या वर्गातच पाहता येईल.