वळिवड्यातले पोलिश नाच

लोकनृत्य म्हटले की आपल्याला सणवार आणि जत्रा आठवतात. पण ज्यांचे घर, गाव, देश सारेच हातचे गेले, त्यांना नाच कशासाठी हवा असतो? याचे उत्तर आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्यात सापडते.

१९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. सुटका झाल्यावर त्यांच्यापैकी अनेकजण इराणमार्गे बाहेर पडले. काही हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, बालाचडी येथे मुलांना आसरा दिला. वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बायका आणि मुलेच अधिक.

या माणसांनी शाळा, चर्च, इस्पितळ चालवले आणि नाटकेही बसवली. मुलींनी भरतकामाच्या चोळ्या, रंगीत फिती आणि फुलांची वेणी लेवून क्राकोव्याकचे फेर धरले. हा नाच मूळचा दक्षिणेकडच्या क्राकोव प्रांताचा. नाचणाऱ्या मुली बहुतेक पूर्व पोलंडच्या. गावाचा नाच साऱ्या देशाचा झाला, तो असा. पोलंड नीटसे आठवत नव्हते, इतक्या लहान वयात काही मुले घराबाहेर पडली होती. त्यांना आपली भाषा शाळेत मिळाली आणि आपला ठेका अंगणात.

युद्ध संपले, तरी बहुतेकांना परतायला गाव उरले नाही. १९४५ नंतर पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत संघात गेला. मराठीत वतन म्हणजे इनामाची जमीन, उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. या लोकांपाशी दोन्ही नव्हते. पुढे ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. अशा देशांत पोलिश कुटुंबांनी शनिवारच्या शाळा काढल्या, नृत्यपथके उभी केली. तिथे जन्मलेल्या नातवंडांनीही ओबेरेकच्या गिरक्या शिकून घेतल्या. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले.

या गोष्टीत आपल्यासाठीही एक खूण आहे. आमच्या वीर, महाड, पोलादपूरकडचा तरुण रेल्वेने आणि एस.टी.ने मुंबईला जातो. त्याच्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही, पोटाने त्याला नेले आहे. तरीही गणपतीत तो परततो, पायात चाळ बांधतो आणि ढोलकीभोवती बाल्या नाचाचा फेर धरतो. मुंबईच्या चाळींतही त्याने हा नाच जपला. पण मुंबईत वाढलेल्या त्याच्या मुलाला तो फेर येतो का? नाच पुस्तकातून उतरत नाही. म्हाताऱ्याच्या पावलाशेजारी मुलाचे पाऊल पडावे लागते. वळिवड्यातल्या आयांनी हे काम परक्या मुलखात, हाती काही नसताना केले. आपल्यापाशी तर गाव आहे, अंगण आहे आणि शिकवणारी माणसे अजून आहेत. येत्या गणपतीत मुलांना नुसते बघायला बसवू नका, त्यांना फेरात घ्या.