पाठीवरचे बिंदू : चीनपासून वर्ध्यापर्यंत



आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या शिवारात दिवाळीनंतर कापसाची वेचणी ऐन भरात येते. सकाळपासून वाकून पऱ्हाटीची बोंडे वेचणारी बाई ओटी रिकामी करायला बांधावर येते, तेव्हा आधी दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि मग पाणी मागते. रात्री घरी ती जमिनीवर पालथी पडते आणि धाकट्या लेकराला म्हणते, "बाबू, जरा पाठीवर पाय दे." लेकरू भिंतीला धरून पाठीवर तोलत चालते आणि आईला बरे वाटते. हे दृश्य आपणा सर्वांच्या घरातले आहे. पण पाठ दाबल्याने आतले दुखणे का हलके होते, पाठीच्या कातडीचा आणि पोटातल्या अवयवांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

तो विचारण्याची आज गरज आहे. पाठीवरच्या अमुक बिंदूंत सुया टोचून मूत्रपिंड, यकृत, हृदय सारे काही नीट करून देतो, असे सांगणाऱ्या जाहिराती आता गावोगाव पोहोचल्या आहेत. कोणी सुई लावतो, कोणी पाठीला पेले लावून हिजामा करतो आणि वर धर्माचा आधार देतो. यात किती खरे, किती खोटे, हे कळण्यासाठी या विद्येचा इतिहास पाहू या.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये 'ह्वांगदी नेइजिंग' हा वैद्यकग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या 'लिंगशू' या भागातील एक्कावन्नावे प्रकरण केवळ पाठीवरच्या बिंदूंवर आहे. कण्याचे मणके वरून मोजत यावे, असे ते सांगते. तिसऱ्या मणक्याजवळ फुप्फुसांचा बिंदू, पाचव्याजवळ हृदयाचा, नवव्याजवळ यकृताचा, अकराव्याजवळ प्लीहेचा आणि चौदाव्याजवळ मूत्रपिंडांचा. प्रत्येक बिंदू कण्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण दोन बोटांच्या अंतरावर. पुढच्या वैद्यांनी यात जठर, पित्ताशय, आतडी, मूत्राशय यांची भर घातली आणि बारा बिंदूंची पूर्ण माळ तयार झाली.

बिंदू शोधायचा कसा? तेथे बोटाने दाबावे आणि रोग्याचे दुखणे हलके झाले तर तीच खरी जागा समजावी, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे आपल्या घरातले लेकरू नकळत जे करते, तेच त्या वैद्यांनी मोजून, पारखून लिहून ठेवले. आणि आता एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच प्रकरणात असेही म्हटले आहे की या बिंदूंना औषधी पाल्याचा शेक द्यावा, सुई टोचू नये. त्याचे कारण तेथे दिलेले नाही. पण सुई हृदयाला किंवा फुप्फुसाला लागली तर माणूस मरतो, असा इशारा याच ग्रंथात अन्यत्र आहे. पाठीच्या वरच्या भागात कातडीखाली फार थोड्या अंतरावर फुप्फुस असते. सुई तेथे खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा भरते आणि श्वास कोंडतो. असे अपघात आजही घडतात.

पुढे सुई टोचण्याची प्रथा रूढ झाली, पण तिच्या शिक्षणाची शिस्तही कडक होती. १०२७ साली वांग वेइयी या राजवैद्याने माणसाच्या मापाचे पितळी पुतळे घडविले आणि त्यांवर ३५४ बिंदूंची छिद्रे पाडली. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण फासून आत पाणी भरत, अशी परंपरागत हकीकत आहे. विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागी गेली तर पाणी बाहेर येई. चुकली तर विद्यार्थी नापास. विद्यार्थी मित्रांनो, जिवंत माणसाच्या पाठीला हात लावण्याआधी पितळेच्या पाठीवर उत्तीर्ण व्हावे लागे, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडेही पाठीचा विचार झाला होता. सुश्रुताने रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा यांचा उपयोग सांगितला आहे. आपल्या मराठीतला 'तुंबडी लावणे' हा शब्दप्रयोग त्याच उपचाराचा. अरबांत यालाच हिजामा म्हणत. पैगंबरसाहेबांनी मानेच्या दोन्ही बाजूंना आणि खांद्यांच्या मधल्या जागी हिजामा करविल्याची नोंद हदीसग्रंथांत आहे. इब्न सीना यांनी १०२५ च्या सुमारास 'अल्-कानून' पूर्ण केला, म्हणजे वांग वेइयीचे पुतळे घडत होते जवळजवळ त्याच काळात. त्यांनीही मान, खांद्यांमधली जागा, कंबर अशा निरनिराळ्या ठिकाणी लावलेल्या तुंबडीचे निरनिराळे उपयोग लिहिले. आणि त्याचबरोबर ती केव्हा लावू नये, हेही लिहिले. लक्षात घ्या, हा त्या काळातला उत्तम वैद्यकीय विचार होता. इब्न सीना यांनी ग्रीकांचे ज्ञान घेतले, पारखले, त्यात भर घातली. जुने आहे म्हणून डोळे मिटून घेतले नाही.

इल्मासाठी चीनपर्यंत जावे, अशा आशयाचे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. हदीसशास्त्राचे जाणकार त्याची परंपरा कमकुवत मानतात. परंतु इल्म मिळविण्याचे कर्तव्य त्या एका वचनावर अवलंबून नाही, आणि आपल्या पूर्वजांनी चीनच्या ज्ञानाकडे खरोखरच लक्ष दिले होते. तब्रीझचे वजीर रशीदुद्दीन फझलुल्लाह स्वतः हकीम होते. त्यांनी १३१३ मध्ये चिनी वैद्यकाचे फारसी भाषांतर सिद्ध करविले. 'तन्सूकनामा' या नावाने ते ओळखले जाते. त्याचा नाडीपरीक्षेचा भाग आजही हस्तलिखितात उपलब्ध आहे. परक्या देशाची विद्या परक्या भाषेतून आणून आपल्या भाषेत मांडणे, हे सातशे वर्षांपूर्वीचे काम आपल्या शिक्षणसंस्थांनी डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनला निघाले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. यांपैकी डॉ. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. कोटणिसांनी युद्धभूमीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, बेथून रुग्णालयाची धुरा वाहिली, तेथील परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यावरून चित्रपट काढला. तो चित्रपट आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ठाऊक आहे.

सुईची विद्या कोटणिसांनी भारतात आणली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. ते शल्यचिकित्सक होते आणि ते परत आलेच नाहीत. ती विद्या आणली त्यांच्या सोबत्याने. डॉ. विजयकुमार बसू १९४३ साली परतले. पुढे १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्याचा उपचार करू लागले. आधुनिक भारतात या विद्येचे बीज पडले ते असे, मदतीला गेलेल्या माणसांच्या मैत्रीतून. म्हणूनच देशात अनेक ठिकाणी सुईच्या दवाखान्यांना आणि संस्थांना कोटणिसांचे नाव दिलेले आढळते. पश्चिम बंगालने १९९६ साली या चिकित्सेसाठी कायदा केला. महाराष्ट्रातही २०१५ च्या अधिनियमाने तिच्या नोंदणीची व शिक्षणाची तरतूद झाली.

आणि खुद्द चीनमध्ये? १८२२ साली बादशहाच्या आज्ञेने राजवैद्यकीय संस्थेतून सुईची विद्या काढून टाकली गेली. १९२९ मध्ये तेथील सरकारपुढे सगळे देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. डॉक्टरांचा आणि औषधांचा तुटवडा असलेल्या युद्धकाळात ही विद्या पुन्हा वर आली. तेव्हा ती हजारो वर्षे अखंड, निर्विवाद चालत आली, असे जे सांगतात त्यांना इतिहास ठाऊक नाही.

मग पाठ आणि पोट यांचा संबंध खरा की खोटा? अंशतः खरा. पाठीच्या कण्यातून दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. ज्या मणक्याच्या पातळीवर कातडीची संवेदना पोहोचते, त्याच पातळीवर आतल्या अवयवांचीही पोहोचते. त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि आतले दुखणे बाहेर जाणवते. हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरांनी १८९३ साली अशा जागांचे नकाशे प्रसिद्ध केले. हृदयविकाराची कळ डाव्या हातात किंवा पाठीत येते, पित्ताशयाची उजव्या फऱ्यात, मुतखड्याची कुशीतून जांघेत. चिनी वैद्यांनी मूत्रपिंडाचा बिंदू चौदाव्या मणक्याजवळ, म्हणजे कमरेच्या दुसऱ्या मणक्याजवळ सांगितला, आणि मूत्रपिंडे असतात तीही त्याच सुमारास. त्यांचे निरीक्षण दाद देण्याजोगे होते.

परंतु निरीक्षण वेगळे आणि उपचार वेगळा. घंटा वाजते म्हणून शाळा भरल्याचे कळते. घंटा बंद केल्याने शाळा सुटत नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहता, नेमक्या बिंदूंवर सुई घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना आराम पडला, औषध-व्यायामाचा नेहमीचा उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के लोकांना. पण बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी वरवर सुई घेतलेल्यांपैकीही ४४.२ टक्के लोकांना आराम पडलाच! याचा अर्थ असा की सुईने कंबरदुखीला उतार पडू शकतो, पण नेमक्या बिंदूचे महत्त्व सांगितले जाते तेवढे दिसत नाही. आणि पाठीत सुई टोचून बिघडलेले मूत्रपिंड किंवा यकृत बरे होते, याला भरवशाचा पुरावा नाही.

पालकहो, येथेच खरी जोखीम आहे. पाठदुखी ही पुष्कळदा कष्टाची असते. विश्रांतीने, शेकाने, व्यायामाने जाते. पण बारीक ताप, वजन घटणे आणि रात्रीची पाठदुखी ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. वेळेवर ओळखला तर तो औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर पाय लुळे पडतात. आपल्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही मुलांची हाडे व पाठ तीव्र दुखते. छातीत दाब, घाम आणि पाठीत कळ हे हृदयाचे बोलावणे असू शकते. लघवीत रक्त, पाय बधिर होणे, लघवी अडणे, यांपैकी काही दिसले तर सुई नाही, पेले नाहीत, थेट रुग्णालय गाठावे. ते आपल्याला दूर नाही. १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेले सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्याला कंबरेसाठी सुई घ्यायचीच असेल, त्याने आधी तपासणी करावी, नोंदणी असलेला उपचारक पाहावा, सुई आपल्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून काढलेली असावी. हिजामा करविणाऱ्यानेही पात्याबद्दल हाच नियम पाळावा. एकाच्या रक्ताची सुई दुसऱ्याला लागली तर काविळीचा विषाणू सोबत येतो, आणि तो कोणाचा धर्म विचारीत नाही.

कोणी म्हणेल, अशी चिकित्सा केल्याने परंपरेचा अपमान होतो. मला तसे वाटत नाही. हकीम अजमल खान युनानीचे थोर वैद्य. १९२१ साली त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन गांधीजींनी केले. तेथे जुन्या वनस्पती रसायनशाळेत तपासण्याचे काम सुरू झाले, आणि सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला हकीमसाहेबांचेच नाव दिले. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या एका सूचनेवरून हिवतापाचे औषध शोधले, ते प्रयोगांती सिद्ध केले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वारशाचा मान राखायचा तो असा, त्याला परीक्षेला बसवून.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुस्तकी पाठांतराऐवजी हाताने करून शिकण्याची योजना मांडली. विद्यार्थी मित्रांनो, तीच रीत येथे लावा. आई पाठीवर हात ठेवून बसली तर तिला औषधाची जाहिरात वाचून दाखवू नका. कुठे दुखते, केव्हापासून, ताप आहे काय, लघवी कशी होते, हे चार प्रश्न तिला विचारा, उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन तिच्यासोबत दवाखान्यात जा. तुमच्यापैकी एखादा-एखादी उद्या डॉक्टर होईल. तोवर वेचणीचे ओझे थोडे तुम्ही उचला. त्या पाठीला त्याचाही आराम पडेल.