शिकागोचे दोन पूर्वज : ऑगस्ट स्पीस आणि ल्युसी पार्सन्स

पूर्वजांचा शोध घेणे हा सर्वांना सारखाच उपलब्ध असलेला हक्क आहे, असे वरकरणी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याचे नाव कोणी तरी कोठे तरी लिहून ठेवले, त्याचाच शोध लागतो. आणि कोणाचे नाव लिहायचे, कोणाचे लिहायचे नाही, हे त्या त्या समाजातील सत्ता ठरवीत असते. इतिहास शिकविताना हा मुद्दा मला वारंवार जाणवतो. माझ्या आजोबांचे नाव मला माहीत आहे; त्यांच्या आजोबांचे नाव सांगणारे आमच्या घरात आज कोणी नाही. वर्गातील काही मुलांच्या घरी मात्र दहा-बारा पिढ्यांची कुळकथा बाडात बांधून ठेवलेली असते. हा फरक स्मरणशक्तीचा नाही. तो लेखणी कोणाच्या हाती होती याचा आहे.

हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून मी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतील दोन आयुष्ये घेतो. दोन्ही कामगार चळवळीतील आहेत. दरवर्षी १ मे रोजी ज्या शिकागोची आठवण काढली जाते, त्या शिकागोतील आहेत. एक जर्मनीतून आलेला स्थलांतरित, दुसरी गुलामीत जन्मलेली स्त्री. दोघेही एकाच वर्षी, १८७३ मध्ये, त्या शहरात पोचली. तेच वर्ष आपल्यालाही परिचयाचे आहे. जोतीराव फुल्यांनी याच वर्षी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली.

१

ऑगस्ट स्पीसचा माग काढणे अवघड नाही. त्याचा जन्म १० डिसेंबर १८५५ रोजी मध्य जर्मनीतील हेसे प्रांतात लांडेक येथे झाला. वडील सरकारी वनाधिकारी होते. डोंगरावरील एका जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत त्यांचे सरकारी निवासस्थान होते. मुलाला शिकवायला घरी शिक्षक येत. पुढे त्याला कासेल येथील तंत्रशाळेत घातले. त्यानेही वनाधिकारी व्हावे असा बेत होता. परंतु वडील वारले, शिक्षण अर्धवट राहिले, आणि १८७२ साली हा तरुण अमेरिकेला निघाला. न्यूयॉर्कला त्याचे सुस्थितीतील नातेवाईक होते. तेथे तो खुर्च्या-कोच मढविण्याचे काम शिकला व पुढच्या वर्षी शिकागोला गेला. काही वर्षांत त्याने आईला आणि भावंडांना बोलावून घेतले.

त्याच्यासारखे लाखो जर्मन त्या शतकात अमेरिकेला गेले. एकट्या १८५४ साली ही संख्या दोन लाखांवर होती. १८८२ साली ती अडीच लाखांच्या आसपास गेली. पिकांची नासाडी, वाटण्या होऊन तुकडे झालेली शेती, यंत्रांपुढे बुडालेले हातमाग, सक्तीची लष्करभरती आणि १८४८ च्या क्रांतीचा पाडाव ही त्याची कारणे होती. ही माणसे बहुतांशी गरीब होती, जहाजाच्या तळातून आली होती. गोऱ्या अमेरिकेने त्यांचा द्वेषही पुष्कळ केला. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांच्यातील अगदी दरिद्री माणसाचेही नाव कागदावर चढत होते. मूळ गावच्या चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद. हॅम्बुर्ग बंदराची १८५० पासूनची उतारूंची यादी. अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्यान्वये प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने उतारूंचे नाव, वय, धंदा आणि देश लिहून द्यायचा. पुढे नागरिकत्वाचा अर्ज, जमिनीचे खत, दर दहा वर्षांची जनगणना. काही नोंदी नष्टही झाल्या. १८७१ च्या आगीत शिकागोचे सरकारी दप्तर जळाले. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. तरीसुद्धा एक धागा तुटला तर दुसरा हाती लागतो. आज जर्मन वंशाचा अमेरिकन माणूस पणजोबांच्या गावी जाऊन त्या चर्चच्या पायरीवर उभा राहू शकतो, तो या कागदांच्या बळावर.

२

आता ल्युसी पार्सन्सकडे वळू. ही स्त्री १८८० नंतर साठ वर्षे अमेरिकेच्या कामगार चळवळीत गाजत होती. शिकागोच्या पोलिसांना तिचा धाक वाटे. परंतु ती कोण, कोठली, तिचे आईबाप कोण, हे तिच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ वादातच राहिले. आपण टेक्सासमध्ये जन्मलो, आपले रक्त मेक्सिकन व रेड इंडियन आहे, असे ती स्वतः सांगे. खटल्याच्या काळात टेक्सासमधील वर्तमानपत्रांनी तिच्या पूर्वायुष्याविषयी लिहिले, तेव्हाही ती ते नाकारीत राहिली. २०१७ साली जॅकलिन जोन्स या इतिहासकार बाईंनी तिचे नवे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे चित्र बरेचसे स्पष्ट झाले. ल्युसीचा जन्म १८५१ साली व्हर्जिनियात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६३ साली, तिच्या मालकाने आपली ही 'मालमत्ता' उत्तरेच्या फौजांपासून दूर टेक्सासला हलविली. टेक्सासमधील गुलामांना मुक्तीची घोषणा ऐकायला १९ जून १८६५ उजाडावा लागला.

तिच्या बालपणाचा कागद का सापडत नाही? १८५० च्या जनगणनेत अमेरिकेने प्रथमच प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले. त्याच वेळी गुलामांसाठी वेगळा तक्ता छापला. त्या तक्त्यात मालकाचे नाव होते. त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि रंग एवढेच. नाव नाही. १८६० साली पुन्हा तेच. त्या वर्षी देशात सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. त्या तक्त्याच्या हिशेबाने नऊ वर्षांची ल्युसी म्हणजे 'स्त्री, वय ९' असा एक आकडा. काळ्या माणसांची नावे राष्ट्रीय जनगणनेत सरसकट आली ती १८७० साली. म्हणून काळ्या घरांतील वंशशोध बहुधा १८७० पाशी येऊन भिंतीला टेकतो. भिंतीपलीकडे जायचे तर मालकाचे मृत्युपत्र, विक्रीखत, कर्जाचे गहाणखत चाळावे लागते. म्हणजे आपली पणजी शोधण्यासाठी तिला विकणाऱ्याचे दप्तर उघडावे लागते! फ्रेडरिक डग्लससारख्या महापुरुषाला आपली जन्मतारीख आयुष्यभर कळली नाही. त्याचा जन्म फेब्रुवारी १८१८ चा, हे पुढे त्याच्या मालकाच्या वहीतूनच समजले.

ल्युसीचे लग्न अल्बर्ट पार्सन्सशी झाले. तो गोरा होता. त्याचे पूर्वज सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेले. त्याची वंशावळ त्याला पाठ होती. कोवळ्या वयात तो गुलामगिरीच्या बाजूने लढला होता. पुढे पालटला आणि मुक्त झालेल्यांच्या मताधिकारासाठी टेक्सासमध्ये झगडला. दोघे शिकागोला आली. एकाच घरात नवऱ्याला अडीचशे वर्षांचा इतिहास होता आणि बायकोला आईचे नाव सांगण्याचीही चोरी होती.

३

पुढचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. स्पीस १८७७ साली समाजवादी पक्षात आला. १८८० पासून तो 'आर्बायटर त्सायटुंग' या कामगारांच्या जर्मन दैनिकाचा कारभार पाहू लागला व १८८४ साली त्याचा संपादक झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील कामगार संघटनांनी १ मे १८८६ पासून आठ तासांचा दिवस अमलात आणण्याचा ठराव केला. योगायोग असा की, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली तीही १८८४ सालीच.

३ मे १८८६ रोजी मॅककॉर्मिकच्या कारखान्याजवळ स्पीसचे भाषण चालू असताना पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात निषेधाची सभा झाली. सभा संपत आली असता पोलीस चालून आले आणि कोणी तरी बॉम्ब टाकला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. सात पोलीस मेले. पोलिसांच्या गोळीबारात सभेला आलेले लोकही मेले. आठ जणांवर खटला चालला. त्यांपैकी पाच जर्मनीत जन्मलेले होते. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी स्पीस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल यांना फाशी दिली. लिंगने आदल्या दिवशी तुरुंगातच जीव दिला. उरलेल्या तिघांची १८९३ साली सुटका करणारा गव्हर्नर जॉन पीटर अल्टगेल्ड हाही जर्मनीत जन्मलेला, तान्हेपणी अमेरिकेत आणलेला स्थलांतरितच होता. खटला पक्षपाती होता असे त्याने लेखी नमूद केले आणि त्याची राजकीय किंमत मोजली.

खटल्याच्या काळात वर्तमानपत्रे व धर्मोपदेशक या जर्मनांना मध्य युरोपातून आलेले रानटी म्हणत होते. स्पीसने तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. त्याची सुरुवातच त्याने ही शिवी अंगावर घेऊन केली आहे. होय, मी त्यांतलाच एक, असे म्हणून तो आपले पूर्ण नाव, त्याचा उच्चार, जन्मगाव, वडिलांचा हुद्दा सांगतो. फाशीच्या सावलीतील माणूस 'मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' असे ताठ मानेने सांगू शकतो. त्याच्या जर्मन असण्याचा द्वेष झाला, पण ते असणे त्याला लपवावे लागले नाही.

ल्युसीला लपवावे लागले. ज्या देशात काळ्या-गोऱ्यांचा संसार जमावाच्या सुडाला निमंत्रण होता, तेथे तिने स्वतःसाठी दुसरे कूळ रचले. याला खोटेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलणारी, कचेरीत गावाचे नाव सांगून थांबणारी माणसे आपण रोज पाहतो. त्यांना दोष देण्याआधी, खरे सांगितल्यावर काय होते हे विचारले पाहिजे.

४

यात आणखी एक प्रश्न गुंतला आहे आणि तो आपल्या चळवळीचा आहे. मार्च १८८६ मध्ये मिसिसिपी राज्यातील कॅरलटनच्या न्यायालयात गोऱ्या जमावाने घुसून काळ्यांची कत्तल केली. त्यावर एप्रिलमध्ये ल्युसीने लेख लिहिला. तिचे प्रतिपादन असे की, हे अत्याचार काळा माणूस काळा आहे म्हणून होत नाहीत. तो गरीब आहे, परावलंबी आहे, म्हणून होतात. गुलामीत जन्मलेल्या स्त्रीने हे लिहावे! ती ज्या चळवळीत होती, त्या चळवळीत वर्ग या एकाच शब्दाला जागा होती. शिकागोच्या जर्मन कामगारांनी वृत्तपत्रे, व्यायामशाळा, गायनमंडळे उभारली. ती आपल्या भाषेत, आपल्या नावाने. ल्युसीला आपल्या जन्माचे नाव घेऊन उभे राहण्याजोगी जागा तेथे कोणी ठेवली नव्हती.

हा वाद आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकी हवी, पण ती आमच्या विटाळावर पांघरूण घालून नको, असा त्याचा अर्थ होता. १९७२ साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. दोनच वर्षांत ती फुटली, तेव्हाही वर्ग की जात हाच वाद ऐरणीवर होता. ल्युसीचा लेख मी या वादातील पुरावा म्हणून वाचतो. माणसाला आपले मूळ सांगण्याची मुभा नसली, की त्याचे विश्लेषणही अर्धे राहते. वर्गाचे शोषण तिला दिसत होते आणि ते खरेच होते. पण कॅरलटनच्या न्यायालयात गोळ्या झाडणाऱ्यांनी कोणाचा खिसा तपासला नव्हता. त्यांनी कातडी पाहिली होती.

म्हणून स्पीसचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. आठ तासांचा दिवस त्याच्यासारख्यांच्या रक्तावर उभा आहे. त्याला मूलबाळ नव्हते. तरी जगभरचे कामगार त्याचे वंशज आहेत. ल्युसी १९०५ साली 'जगातील औद्योगिक कामगार' या संघटनेच्या स्थापना परिषदेत बोलली, म्हातारपणीही रस्त्यावर उभी राहून पत्रके विकीत राहिली आणि ७ मार्च १९४२ रोजी घराला लागलेल्या आगीत मृत्यू पावली. आगीतून वाचलेली तिची पुस्तके व कागद पोलिसांनी आणि केंद्रीय गुप्तचर खात्याने उचलून नेले. जिच्या जन्माचा कागद कोणी केला नव्हता, तिच्या आयुष्याचे कागदही सत्तेनेच नेले. शिकागोबाहेरील वाल्डहाइमच्या दफनभूमीत हुतात्म्यांच्या स्मारकाजवळ तिला पुरले आहे.

आपल्यापुढील काम यातून स्पष्ट होते. आपल्या पूर्वजांचे कागद शोधायचे तर तेही दुसऱ्याच्याच दप्तरात आहेत : वतनाच्या नोंदींत, पलटणीच्या हजेरीपटांत, गिरणीच्या आणि गोदीच्या मस्टरवर. ते उघडले पाहिजेत. पण त्याहून निकडीचे काम घरात आहे. जी म्हातारी माणसे हयात आहेत, त्यांच्याकडून नावे, गावे, सोडलेली कामे, केलेले संप, चालत गेलेल्या वाटा आजच लिहून घेतल्या पाहिजेत. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे, कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत वही ठेवावी. वहीत पहिल्यांदा माणसाचे पूर्ण नाव लिहावे, आईच्या नावासकट. ही वही दुसरे कोणी आपल्यासाठी लिहिणार नाही.