डॉक्टर हू : नायकाचा कायापालट आणि मालिकेतील प्रेम

डॉक्टर हू : बीबीसीची विज्ञानकथा मालिका. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. मालिका १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये तिच्यावर एक दूरचित्रपट निघाला आणि २००५ पासून ती नव्याने सुरू झाली. सुरुवातीच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट; पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले. टार्डिस नावाच्या, बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळ आणि अवकाश धुंडाळणारा परग्रहवासी ‘डॉक्टर’ हा मालिकेचा नायक. मरणाच्या दारात पोचला की त्याचे शरीर पालटते आणि पुढच्या भागापासून ही भूमिका दुसरा नट करतो. या युक्तीला मालिकेत ‘रीजनरेशन’ म्हणतात. येथे तिला कायापालट म्हटले आहे. मालिका साठ वर्षे टिकली ती या कायापालटामुळे, हे सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो २००५ नंतर डॉक्टरच्या आयुष्यात आलेल्या प्रेमाबद्दल. जुन्या प्रेक्षकांतील एका मोठ्या गटाला हे प्रेम उपरे वाटते. प्रस्तुत नोंदीची भूमिका वेगळी आहे : नायक बदलण्याची किंमत पूर्वी प्रेक्षक एकटा मोजत होता, ती प्रेमामुळे कथेतल्या माणसांना मोजावी लागली. लेखकाने ती उघडपणे मोजू दिली तेथे मालिका उंचावली आणि ती चुकवण्याची पळवाट काढली तेथे घसरली.

कायापालट जन्मला तो अडचणीतून. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांना धमन्या कठीण होण्याचा विकार होता. संवाद लक्षात राहीनात, चित्रीकरण झेपेना. लोकप्रिय मालिका बंद करणे बीबीसीला परवडणारे नव्हते. निर्माते इनेस लॉइड आणि पटकथा-संपादक गेरी डेव्हिस यांनी नायक परग्रहवासी असल्याचा फायदा घेतला. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात थकलेला डॉक्टर टार्डिसच्या जमिनीवर कोसळतो, चेहऱ्यावर पांढरा उजेड पसरतो आणि उजेड ओसरतो तेव्हा तेथे पॅट्रिक ट्राउटन असतात. नवा नट जुन्याची नक्कल करणार नाही, हा निर्णय जास्त धाडसाचा होता. करड्या, हेकट आजोबांच्या जागी बासरी वाजवणारा, गबाळ्या कपड्यांतला, वरकरणी विदूषक वाटणारा माणूस आला. पुढच्याच कथेत बेन आणि पॉली हे सहप्रवासी त्याच्याकडे संशयाने पाहतात. जुन्या डॉक्टरची अंगठी या माणसाच्या बोटात बसत नाही, हे बेनला पुराव्यासारखे वाटते. शेवटी खूण पटवतो तो एक डालेक, म्हणजे डॉक्टरचा हाडवैरी. मित्र गोंधळलेले असताना शत्रू त्याला बरोबर ओळखतो. नायकबदल म्हणजे ओळख पटवण्याचा खटला आणि साक्षीदार कोण हे महत्त्वाचे, हे मालिकेला पहिल्याच खेपेस उमगले होते.

पुढची चाळीस वर्षे साक्षीदार साधे होते. १९७४ मध्ये जॉन पर्टवी गेले आणि टॉम बेकर आले. सारा जेन स्मिथ आणि ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट या सोबत्यांसमोरच हा बदल घडतो. ब्रिगेडियर वैतागाने स्वीकारतो, सारा जेन काळजीने, पण दोघेही लगेच कामाला लागतात. (‘रीजनरेशन’ हा शब्दही मालिकेत पहिल्यांदा याच वर्षी आला.) मैत्री, वडीलधारेपण, कामातली सोबत ही नाती चेहऱ्यावर फारशी अवलंबून नसतात. बदली साहेबाशी दोन दिवसांत जुळवून घ्यावे तसे प्रेक्षकही जुळवून घेत. शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांसह पाहायची मालिका, नायक मुळात आजोबा, त्यामुळे प्रेमाला दार बंदच होते. १९८० च्या दशकात निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी टार्डिसमध्ये शृंगाराला अजिबात थारा दिला नाही. पीटर डेव्हिसन यांचा डॉक्टर सहप्रवासी तरुणींना सहसा हातही लावत नाही.

म्हणून ‘मूळ डॉक्टर प्रेमापलीकडचा होता’ असा आक्षेप घेतला जातो. पुरावा इतका सरळ नाही. १९६४ च्या अ‍ॅझ्टेक-कथेत हार्टनेल यांचा डॉक्टर कॅमेका नावाच्या प्रौढ स्त्रीला कोको करून देतो. त्या समाजात तसे करणे म्हणजे लग्नाची मागणी, हे त्याला ठाऊक नसते. विनोदाने सुरू झालेला हा प्रसंग विनोदावर संपत नाही. निघताना डॉक्टर तिने दिलेले पदक खाली ठेवून वळतो, मग परत येऊन ते उचलून घेतो. १९७३ मध्ये सहप्रवासी जो ग्रँट एका तरुण वैज्ञानिकाशी लग्न ठरवते. मेजवानी रंगात असताना पर्टवी यांचा डॉक्टर पेला संपवतो, गुपचूप बाहेर पडतो आणि तिन्हीसांजेला आपली जुनी पिवळी गाडी एकटाच हाकत निघून जातो. या प्रसंगाला प्रेम म्हणावे की वात्सल्य, यावर खुशाल वाद घालावा. पण त्याला भावनाशून्य म्हणता येणार नाही. जुन्या मालिकेत प्रेम होते, फक्त ते बोलून दाखवले जात नव्हते. आणि न बोललेल्या प्रेमाला कायापालटाची झळ लागत नाही, कारण नव्या चेहऱ्याने पाळायचे असे कुठलेच वचन मागे उरलेले नसते.

१९९६ च्या दूरचित्रपटात पॉल मॅकगॅन यांच्या डॉक्टरने ग्रेस होलोवे या सोबतिणीचे चुंबन घेतले आणि चाहत्यांत गदारोळ उठला. खरे तर ते चुंबन निरुपद्रवी होते. पुढे काही घडणारच नव्हते. खरा बदल नव्या मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी केला. २६ मार्च २००५ रोजी नवी मालिका सुरू झाली आणि चारच दिवसांत क्रिस्टोफर एक्लस्टन एका हंगामानंतर जाणार, ही बातमी फुटली. त्या हंगामाच्या अखेरच्या भागात सहप्रवासी रोझ टायलर डॉक्टरला वाचवण्यासाठी काळाची ऊर्जा अंगात घेते. ती ऊर्जा तिला जाळून टाकणार म्हणून डॉक्टर चुंबनातून ती स्वतःत ओढून घेतो आणि त्यापायी त्याचे शरीर संपते. नटाचे जाणे आणि नायकाचे प्रेम लेखकाने एकाच कृतीत बांधले. १९६६ मध्ये कायापालटाचे कारण म्हणून थकवा पुरला होता. येथे कारण रोझ आहे. मग साक्षीदारही तीच होणार.

त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात नवे डॉक्टर डेव्हिड टेनंट बहुतेक वेळ पायजमा घालून रोझच्या घरी बेशुद्ध पडलेले असतात. नव्या नायकाच्या पदार्पणात त्याला झोपवून ठेवणे हा मोठाच जुगार होता, पण त्यामुळे कॅमेरा रोझवर राहिला. तिचे माणूस तिला सोडून गेले आहे आणि त्याच्या जागी एक अनोळखी देह घरात आहे. प्रेक्षकाला एक्लस्टन हवे असतात हे मान्य करून ती हुरहूर पडद्यावरच्या मुलीच्या तोंडी घातली. तलवारयुद्धात टेनंटचा हात तुटतो आणि कायापालटाची ऊर्जा अजून शिल्लक असल्याने नवा उगवतो. शेवटी तोच नवा हात तो तिच्यापुढे धरतो आणि ती तो घेते. बेनने ताडून पाहिलेली अंगठी आणि रोझने धरलेला हात यांची तुलना केली की चाळीस वर्षांत काय बदलले ते दिसते. तेथे जुनी खूण नव्या बोटात बसत नाही. येथे जुनी खूण मागितलीच जात नाही, नव्याने हात धरायचा की नाही एवढेच रोझ ठरवते.

हा प्रश्न एकट्या या मालिकेचा नाही. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या १९९१ मधील ‘द होस्ट’ या भागात डॉ. बेव्हर्ली क्रशर ओडान नावाच्या दूताच्या प्रेमात पडते. ओडान हा वास्तविक यजमान-शरीरात राहणारा जीव. यजमान मरतो, जीव काही काळ तिच्या सहकारी रायकरच्या शरीरात ठेवतात आणि शेवटी नवे यजमान-शरीर येते ते एका स्त्रीचे. रायकरपर्यंत क्रशर कशीबशी जाते. त्यापुढे आपल्याला इतके बदल पेलवत नाहीत असे कबूल करून थांबते. तिच्या नकारात लिंगभेदाचा संकोचही आहे, हा आरोप खोटा नाही. तरी माणूस तोच असूनही प्रेम टिकेलच असे नाही, हे येथे स्पष्ट बोलले गेले. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये टेरी फॅरेल सहाव्या हंगामानंतर गेल्या तेव्हा लेखकांनी जॅडझिया डॅक्सला मारले आणि तिच्यातला जीव निकोल डी बोअर यांच्या एझ्रीत घातला. जॅडझियाचा नवरा वॉर्फ अवकाशस्थानकावर आहेच. त्याच्यासमोर बायकोच्या आठवणी घेऊन फिरणारी एक परकी मुलगी येते आणि तो तिला टाळत राहतो. ‘बॅबिलॉन ५’ने याच्या उलट केले : पहिल्या हंगामानंतर मायकेल ओहेअर यांचा सिंक्लेअर दूर पाठवून ब्रूस बॉक्सलायटनर यांचा शेरिडन हा वेगळाच नायक आणला आणि मालिकेची मोठी प्रेमकथा त्याच्या वाट्याला दिली. हा मार्ग निर्धोक. मात्र त्यात ओळख पटवण्याचे नाट्य हातचे जाते.

पळवाटेचे ठळक उदाहरण २००८ मधले आहे. दोन वर्षांपूर्वी रोझ समांतर विश्वात अडकली होती. नॉर्वेतल्या किनाऱ्यावरच्या निरोपात तिने प्रेम बोलून दाखवले आणि डॉक्टरचे उत्तर पुरे होण्याआधीच त्याची प्रतिमा विझली. ते अपुरेपण लेखकाला राहू देववले नाही. ‘जर्नीज एंड’ या भागात त्या नाताळच्या तुटक्या हातातून टेनंटचाच दुसरा डॉक्टर तयार होतो : एकच हृदय असलेला, माणसासारखा म्हातारा होणारा. त्याच किनाऱ्यावर तो रोझच्या कानात अर्धे राहिलेले वाक्य पुरे करतो, ती त्याचे चुंबन घेते आणि खरा डॉक्टर निघून जातो. हे दोघे आठवणींनी आणि मनाने एकच आहेत, मग फसवणूक कसली, असे या शेवटाचे समर्थक विचारतात. बिनतोड वाटणाऱ्या या युक्तिवादात एक भोक आहे. तिला जो मिळाला तो न बदलणारा डॉक्टर आहे. नाताळच्या रात्री रोझने ज्या बदलाला हात दिला, तो बदलच बक्षीस म्हणून काढून घेतला गेला.

याचा प्रतिवाद त्याच मालिकेने वर्षभर आधी करून ठेवला होता, ही गंमत. पॉल कॉर्नेल यांनी आपल्या १९९५ च्या कादंबरीवरून लिहिलेल्या २००७ च्या दोन भागांत डॉक्टर शत्रूंपासून लपण्यासाठी आपले डॉक्टरपण एका घड्याळात बंद करतो आणि १९१३ च्या इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचा शाळामास्तर होऊन राहतो. शाळेची परिचारिका जोन रेडफर्न आणि तो प्रेमात पडतात. संकट येते, घड्याळ उघडावे लागते, जॉन स्मिथ संपतो. डॉक्टर जोनकडे येऊन सोबत चलण्याची गळ घालतो. जॉनमध्ये जे होते ते सारे माझ्यातही आहे, असे तो सांगतो. नट तोच, चेहरा तोच, आवाजही तोच. तरी जोन नाही म्हणते. चेहरा न बदलता केलेला कायापालट मालिकेने तोवर कधी दाखवला नव्हता. चेहरा म्हणजे माणूस नव्हे, हे २००७ मध्ये इतके नेमके समजलेल्या मालिकेने २००८ मध्ये चेहऱ्यावर तडजोड करावी, हे खटकते.

यावर व्यवहारी आक्षेप असा : हे सगळे तत्त्वज्ञान देखण्या तरुण नटांपुरते, प्रेम आणले ते प्रेक्षकसंख्येसाठी. त्यात तथ्य आहे. मॅट स्मिथ यांची निवड झाली तेव्हा ते २६ वर्षांचे होते, त्यांच्यानंतर पीटर कपाल्डी आले ते पंचावन्नाव्या वर्षी, आणि २०१४ च्या ‘डीप ब्रेथ’मध्ये सहप्रवासी क्लारा त्या सुरकुत्यांपुढे अवघडते. डेव्हिस यांच्यानंतरचे मुख्य लेखक स्टीव्हन मोफॅट यांनी आक्षेपाला थेट तोंड दिले. नवा डॉक्टर तिला आपण तिचा प्रियकर नाही असे सांगतो आणि तसा समज करून देण्यात चूक तिची नव्हती, असेही सुचवतो. एवढे धैर्य दाखवून शेवटी मात्र मॅट स्मिथ यांचा डॉक्टर भूतकाळातून फोन करतो आणि नव्याला सांभाळून घे अशी विनवणी करतो. जुन्या नटाची शिफारस लागावी, हे त्या भागाचे दुबळेपण.

मोफॅट यांचे खरे उत्तर रिव्हर साँग ही व्यक्तिरेखा. ॲलेक्स किंग्स्टन यांची रिव्हर आणि डॉक्टर यांचे काळ उलटसुलट वाहतात. २००८ मध्ये ती मरते तेव्हा त्याची तिच्याशी पहिलीच भेट असते. ती त्याला आरपार ओळखते, त्याला तिचे नावही माहीत नसते. २०१५ च्या नाताळच्या भागात पारडे फिरते. रिव्हरकडे नवऱ्याच्या, म्हणजे डॉक्टरच्या, सगळ्या चेहऱ्यांची चित्रे आहेत. त्याला आणखी चेहरा मिळणे शक्य नाही अशी तिची खात्री असल्याने शेजारी उभे असलेले कपाल्डी तिला कुणी आगंतुक वाटतात. ती जवळजवळ पूर्ण भाग त्याच्यादेखत बेफिकीर वागते, दुसऱ्या नवऱ्यांविषयी बोलते आणि संकटात सापडल्यावर मान्य करते की डॉक्टरवर आपले प्रेम आहे, पण त्याने ते परत करावे अशी अपेक्षाच नाही. तो बाजूलाच असतो. मग तिला कळते. साठीकडे झुकलेल्या नटाला मालिकेतला उत्कट प्रेमप्रसंग मिळाला तो येथे, आणि तोही नायकबदलामुळेच. जुना चेहरा असता तर प्रसंग घडलाच नसता.

प्रेमामुळे सहप्रवासी नायिकांचे वजन घटते, ही तक्रार अधिक गंभीर. २००७ मध्ये मार्था जोन्स वैद्यकशास्त्र शिकणारी, धीट, पण एकतर्फी प्रेमात वर्षभर रोझच्या सावलीत ठेवली गेली. डेव्हिस यांनाही ते जाणवले असावे. पुढच्या वर्षीची डॉना नोबल पहिल्या दिवसापासून प्रेमाला साफ नकार देते आणि त्या जोडीची रंगत आजही वाखाणली जाते. पण यातून दोष एकतर्फी लेखनाचा ठरतो, प्रेमाचा नव्हे. उलट टोकाला डॉक्टरची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री जोडी व्हिटेकर यांचा काळ आहे. मनदीप गिल यांची सहप्रवासी यास्मिन खान डॉक्टरवर जीव लावते, हे मालिका जानेवारी २०२२ मध्ये, व्हिटेकर यांचे जेमतेम दोन भाग उरले असताना, उघड करते. डॉक्टर जवळीक ओळखून मागे सरते, आणि ऑक्टोबरमध्ये टार्डिसच्या छतावर बसून दोघी आइस्क्रीम खातात व निरोप घेतात. यास्मिन नवा चेहरा पाहतच नाही. ज्या साक्षीसाठी ती सगळ्यांत योग्य होती, ती तिच्याकडून घेतलीच गेली नाही. संयम म्हणून याचे कौतुक झाले तरी नाट्य वाया गेले. याच यास्मिनच्या आजीची फाळणीतली कथा, मुस्लिम उंब्रीन आणि हिंदू प्रेम यांचे लग्न, २०१८ मध्ये विनय पटेल यांनी किती निर्भीडपणे लिहिली होती, हे आठवले की ही भिडस्ती अधिकच बोचते.

३१ मे २०२५ रोजी शूटी गॅटवा यांच्या डॉक्टरचा कायापालट झाला आणि उजेडातून बाहेर आला तो बिली पायपर यांचा, म्हणजे रोझचा चेहरा. श्रेयनामावलीत पायपर यांचे नाव होते, पण त्या डॉक्टर म्हणून आल्या आहेत असे लिहिलेले नव्हते.