मांचू, मंचुरियन आणि पन्नास वर्षांचा पुरावा

१७१८ साली चीनमधल्या चेंगडू शहरात मांचू सैन्याची छावणी पडली. राज्य करणारं चिंग घराणं मांचूच होतं, त्यामुळे या सैनिकांसाठी शहराच्या आत वेगळी तटबंद वस्ती उभी राहिली. तिच्यातल्या उरलेल्या गल्ल्यांना आज क्वानजाय म्हणतात, म्हणजे 'रुंद-अरुंद'. मागच्या वर्षी कंपनीच्या कामाने चेंगडूला होतो, तेव्हा दोन संध्याकाळी तिथेच गेल्या. काड्यांवर टोचलेलं लालभडक मांस, मसाल्यात शिजवलेली सशाची मुंडकी, करड्या विटांच्या भिंती. सगळं फार नीटनेटकं. कारण २००८ साली डागडुजी करून, पुष्कळसं नव्याने बांधून, ते पर्यटकांसाठी खुलं केलंय. मंचुरियन मात्र कुठेच दिसलं नाही. ते मिळतं आपल्या साताऱ्यात, राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर.

त्याच १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवा फौज घेऊन दिल्लीला निघाला. पुढच्या वर्षी तो चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाईंना घेऊन परतला, ते शाहू महाराजांच्या साताऱ्याला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तेव्हा पेठा वसत होत्या. राजधानी म्हटली की स्वार, कारकून, वकील, सावकार यांची ये-जा आली, आणि घरापासून लांबच्या माणसाला बाजारातच काहीतरी तोंडात टाकावं लागतं. मोती चौकातला कंदी पेढा याच हिशोबाचा पदार्थ आहे. 'कंदी' हा शब्द इंग्रजांच्या कँडीवरून आला असं सांगतात. ते असो नसो, खरी गंमत भाजण्यात आहे. खवा तांबूस होईपर्यंत परतला की पाणी उडतं, आणि पेढा प्रवासात टिकतो.

सांगलीचं शहरपण त्यामानाने तरुण. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली. आज सांगली म्हटलं की आधी भडंग आठवतं. चुरमुरे, लसूण, हळद, तिखट, शेंगदाणे. यातली हळद अगदी इथली. २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण मिरची आणि शेंगदाणा? दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी या भागात कुणी मिरची चाखलेली नाही. शिवपूर्वकाळातला झणझणीत ठेचा दाखवणाऱ्या मालिका बघताना मला म्हणूनच हसू येतं.

पाहुणा आला की भाषा आधी त्याला ओळखीचं नाव देऊन टाकते. मिरे आपल्याकडे होते, त्यावरून मिरची. मूग होते, त्यावरून जमिनीखालचा भुईमूग. चेंगडूत हेच झालंय. तिथल्या बोलीत मिरचीला 'हायच्याव' म्हणतात, म्हणजे समुद्री मिरी, समुद्रावरून आलेली. आपल्या गाड्यावरचं 'शेजवान' म्हणजे ज्याची चेंगडू राजधानी आहे तो सिचुआन प्रांत, नि त्याची जगप्रसिद्ध मिरचीही आपल्यासारखीच बाहेरची. भडंग आणि सिचुआनचं तिखट, दोघांचंही आजोळ एकच!

आता मंचुरियन. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, तो पदार्थ केला अशी त्याची सर्वमान्य गोष्ट आहे. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला रोजचा मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. तिथून तो गाड्यांवर उतरला, चिकनच्या जागी कोबीचे गोळे आले आणि श्रावणातही चालायला लागला. त्यामुळे 'चायनीजच्या गाड्या हटवा, आपलं खाणं ठेवा' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, आपलं म्हणजे कधीपासूनचं?

हा प्रश्न नुसता वादासाठी नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या परिशिष्टात एक तरतूद आहे. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेत्यांनी पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा केलाय, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. रस्ता रुंदीकरण, सुशोभीकरण, पार्किंग अशा शब्दांपुढे गाडेवाल्याला यापेक्षा भक्कम आधार मी तरी वाचलेला नाही. पदार्थ चिनी की मराठी हे इथे कायदा विचारत नाही, वर्षं विचारतो.

पण वर्षं दाखवायची कशी? राजांच्या सनदा दप्तरात राहतात, भेळेच्या गाड्याची रोजची पावती संध्याकाळी कचऱ्यात जाते. सांगलीत तर पावती देणारं कार्यालयच बदललं. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, त्याआधीची पावती नगरपालिकेची. जपलेले कागद असले तरी २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. पत्र्याच्या पेटीतल्या कागदाचं अशा वेळी काय होतं ते सांगलीकरांना सांगायला नको.

राहिले फोटो. साताऱ्या-सांगलीत तुमचं घर असेल तर जुने अल्बम काढा. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, शाळेची प्रभातफेरी. पुढच्या माणसांकडे बघू नका, मागे बघा. कोपऱ्यात एखादा गाडा, कंदील, शेगडी, नावाची पाटी दिसते का? फोटोच्या पाठीवर कधीकधी स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. दोन्ही बाजू मोबाइलवर नीट उजेडात टिपा, आणि तो गाडा अजून चालू असेल तर एक प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या.