एकबारी बंदूक आणि बदलती नळी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकणचा भुईकोट किल्ला आहे. त्याचे पडके बुरूज आणि बुजत चाललेला खंदक यांच्या आसमंतांत आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. तेथील यंत्रें पोलाद इतक्या कांटेकोरपणें कापतात कीं, एका गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला बसवला तरी तो बिनबोभाट बसतो. मात्र साडेतीनशें वर्षांपूर्वीं याच ठिकाणीं जी बंदूक चालली तिचा कोणताहि भाग दुसरीच्या उपयोगी पडत नसे. त्या बंदुकीपासून आजच्या एकबारी रायफलीपर्यंतचा प्रवास हा केवळ लोहारकामाचा इतिहास नव्हे. कोणती नळी कोणाच्या हातीं द्यावी आणि ती कोणी निवडावी, या प्रश्नाचाहि तो इतिहास आहे.

इ. स. १६६० च्या जून महिन्यांत शाएस्तेखानानें चाकणला वेढा घातला. आंत फिरंगोजी नरसाळा मूठभर लोकांनिशीं होता आणि बाहेर मोगलांचें अफाट सैन्य होतें. पावसाळा ऐन भरांत आला होता. तरीहि किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजला. अखेर १४ ऑगस्ट रोजीं मोगलांनीं बुरुजाखालीं सुरुंग उडवला आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. त्या लढाईंत मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाल्याची नोंद आहे. खानानें फिरंगोजीला आपल्या चाकरींत येण्याविषयीं सांगितलें; परंतु तो स्वामिनिष्ठ सेवक शिवाजीमहाराजांकडे परत गेला.

त्या काळची बंदूक तोड्याची होती. नळीच्या तोंडांतून मोजकी दारू ओतावयाची, त्यावर शिशाची गोळी सोडावयाची, गजानें ठासावयाची, कानाशीं रंजक घालावयाची आणि पेटत्या जामगीचें टोंक चापानें तिच्यावर आणावयाचें. एवढा खटाटोप झाला म्हणजे एक बार निघे. दुसऱ्या बारासाठीं सारें पहिल्यापासून करावें लागे. मुसळधार पावसांत जामगी विझे आणि रंजक भिजे. मग ती बंदूक व लोखंडी पहार यांत फारसें अंतर राहत नसे. म्हणून एकबारी शस्त्र वापरणाऱ्याला एक धडा आपोआप मिळे. तो असा कीं, हातांत एकच बार आहे, तो वायां जातां कामा नये.

या बंदुकीचा आणखी एक विशेष होता. लोहार लोखंडाची पट्टी गजाभोंवतीं गुंडाळून, तापवून व ठोकून नळी घडवी. त्यामुळें कोणत्याहि दोन नळ्यांचा व्यास नेमका सारखा नसे. ज्या बंदुकीची गोळी तिच्याच सांच्यांत ओतावी लागे. नळी फुटली म्हणजे नवी घडवून त्या दस्त्याला व चापाला मुद्दाम जुळवून घ्यावी लागे. एकाच दस्त्यावर आज ही नळी आणि उद्यां ती, ही कल्पना त्या कारागिराला सुचली असती तरी साधली नसती. कारण अदलाबदल करावयाची तर आधीं मापांत एकवाक्यता पाहिजे, आणि ती एकवाक्यता यंत्रानेंच दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही गोष्ट शक्य झाली. इंग्रजांच्या सैन्यांत १८५३ सालच्या नमुन्याची एनफील्ड रायफल होती. तिच्या नळीला आंतून पीळ होता; त्यामुळें गोळी फिरत जाई आणि दूरवर नेम साधे. परंतु ती ठासणीचीच होती. १८६६ सालीं स्नायडरची युक्ति स्वीकारण्यांत आली. जुन्याच एनफील्डची नळी मागच्या बाजूस कापून तिला उघडझांप करणारें नवें कुलूप बसवण्यांत आलें. आतां काडतूस मागून भरतां येऊं लागलें. बार अजून एकच होता, पण मिनिटाला तिनाच्या ठिकाणीं दहापर्यंत बार काढणें शक्य झालें.

पुढें १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री ही रायफल आली. तिच्या नांवांतच सारें मर्म आहे. पहिला शब्द कुलपाचा. तें कुलूप स्वित्झर्लंडमधील मार्टिनी याच्या नांवानें ओळखलें जाई. दुसरा शब्द नळीचा. तिचा पीळ एडिंबरोच्या हेन्री नांवाच्या कारागिराचा होता. कांहीं वर्षांनीं धूर न करणारी दारू व .३०३ व्यासाची बारीक गोळी प्रचारांत आली. तेव्हां तेंच मार्टिनीचें कुलूप ठेवून त्यावर मेटफर्डच्या पिळाची, व नंतर एनफील्डच्या पिळाची नळी चढवण्यांत आली. नांवें झालीं मार्टिनी-मेटफर्ड आणि मार्टिनी-एनफील्ड. घर तेंच, फक्त बिऱ्हाड बदललें! सरावासाठीं मोठ्या नळीच्या आंत बसणारी मॉरिसची बारीक नळीहि निघाली. तींतून लहान व स्वस्त काडतुसें उडवून शिपायाला नेमबाजी शिकतां येई.

एकबारी रायफलीची निवड करणाऱ्याला हींच तत्त्वें आजहि लागू आहेत. काडतुसें साठवून ठेवणारी पेटी नसल्यामुळें तिची रचना साधी असते आणि लांबीहि कमी भरते. नळी मात्र हवी तेवढी लांब ठेवतां येते. एक चांगलें कुलूप, मनासारखा चाप आणि खांद्याला बसणारा दस्ता यांवर एकदांच खर्च केला, कीं लहान काडतुसाची व मोठ्या काडतुसाची अशा दोन नळ्यांवर दोन बंदुकांचें काम भागतें. हाताला ओळख एकाच चापाची राहते, हा त्यांतील मोठा लाभ. परंतु तीन गोष्टी विसरून चालत नाहीं. कुलूप ज्या दाबासाठीं बांधलें आहे त्याहून जोरकस काडतुसाची नळी त्यावर चढवणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. काडतुसाच्या बुडाचें माप कुलपाशीं जुळलें पाहिजे. आणि नळी बदलली कीं माशी व नेम पुन्हां तपासून घ्यावा लागतो.

ही झाली यंत्राची बाजू. निवड करणारा कोण, हा प्रश्न मात्र हिंदुस्थानांत फार निराळ्या रीतीनें सुटला. १८५७ च्या उठावानंतर सरकारनें देशी पलटणींच्या हातून पिळाची नळी काढून घेतली. त्यांना देण्यांत आलेली बंदूक बाहेरून एनफील्डसारखीच दिसे. तोच दस्ता, तोच घाट. आंत मात्र नळी सपाट होती. दूरचा नेम साधूं नये, एवढ्याचसाठीं ती सपाट ठेवलेली होती. पुढें गोऱ्या शिपायांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हां देशी शिपायांना स्नायडर देण्यांत आली. आणि गोऱ्यांच्या हातीं अनेक काडतुसांची रायफल आल्यावर देशी शिपायांकडे मार्टिनी उतरली. अविश्वासाची मोजदाद अशा प्रकारें नळीच्या मापानें होत होती.

याच सुमारास, १८६९ सालीं, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मुळेच्या एका अंगाला खडकी आणि दुसऱ्या अंगाला दापोडी. तेथून पुढें पिंपरी व चिंचवड. या टापूंत यंत्राच्या मापानें वस्तु घडवण्याची जी परंपरा पुढें फोफावली, तिच्या आरंभींच्या नांवांत या कारखान्याचें नांव घ्यावें लागतें. येथील मजुराच्या हातांखालून काडतुसें जात. पण १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें त्याला गुन्हा ठरलें. गोऱ्या लोकांना त्यांतून सूट होती, हें त्या कायद्याचें खरें शल्य होतें. चिंचवडच्या ज्या चापेकर घराण्यांतील मुलांनीं २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, तीं याच निःशस्त्र केलेल्या पिढींतील होतीं.

नळीची भीति पुढेंहि गेली नाहीं. १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली. त्यांचीं काडतुसें मार्टिनी-हेन्रीच्या कामीं बंडखोरांना उपयोगी पडतील, ही धास्ती त्यामागें होती. तेव्हां इंग्लंडांतील बंदूककारांनीं .४६५ व .४७० अशीं नवीं मापें काढून कायद्याला बगल दिली. पहिल्या महायुद्धानंतर इशापूरच्या कारखान्यांत तर उलटाच प्रकार घडला. अनेक काडतुसें घेणाऱ्या ली-एनफील्डची नळी .४१० मापाची व सपाट करण्यांत आली, काडतुसांच्या पेटीच्या जागीं लांकडाचा ठोकळा ठोकण्यांत आला, आणि ती एकबारी बंदूक पोलिसांच्या व पहारेकऱ्यांच्या हातीं देण्यांत आली. प्रगत यंत्र मुद्दाम मागें नेण्याचें इतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं हत्यारांचा नवा कायदा झाला. वंशाच्या आधारावर भेद करणारा कायदा संपला. परवान्याचें बंधन मात्र राहिलें, आणि तें योग्यच होय. आजहि सुटी नळी ही केवळ लोखंडाची नळी मानली जात नाहीं. शस्त्राचा भाग म्हणून तीहि कायद्याच्या कक्षेंत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें जुनें प्रयोजनहि संपवलें. मग एकबारी रायफलीला स्थान उरलें कोठें? तें उरलें नेमबाजीच्या मैदानावर. पिंपरी-चिंचवडच्या शेजारीं बालेवाडीच्या क्रीडानगरींत नेमबाजीची जागा आहे. तेथें पन्नास मीटरांवरून .२२ च्या रायफलीनें नेम धरणारा खेळाडू प्रत्येक वेळीं एकच काडतूस भरतो. कोणत्या काडतुसांना आपली नळी उत्तम साथ देते, हें तो तासन् तास तपासून ठरवतो. आणि तें ठरवण्यास त्याला कोणी अडवीत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतलें तें याच प्रकारांत.

फिरंगोजीच्या बरकंदाजाला एकच बार मिळे, कारण त्याच्या काळाला त्याहून अधिक देतां येत नव्हतें. पारतंत्र्यांतील पोलिसाला एकच बार मिळे, कारण त्याच्या धन्याला अधिक द्यावयाचें नव्हतें. आजचा नेमबाज एकच बार भरतो तो खेळाचा नियम मान्य करून, आणि आपली नळी आपण निवडून. बार तिघांचाहि एकच. परंतु पहिल्या दोघांच्या व तिसऱ्याच्या मध्यें एका देशाचा इतिहास उभा आहे.