बारा पाठींची भिंत

पुण्याच्या थिएटर अकॅडमीची गोष्ट तिच्या स्थापनेच्या थोडी आधीच सुरू होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी राज्य नाट्यस्पर्धेत, भरत नाट्य मंदिरात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने म्हणजे पीडीएने 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. पेशवाईतले कारभारी नाना फडणवीस आणि पुण्याचे ब्राह्मण यांची बदनामी केली म्हणून ओरड झाली आणि एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं. नाटक करणारी मंडळी मात्र थांबायला तयार नव्हती. ती बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. जानेवारी १९७४ मध्ये 'घाशीराम' पुन्हा रंगमंचावर आलं.

त्या वादाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला या वाटचालीत जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. दिवसभर नोकरी किंवा दवाखाना सांभाळणाऱ्या हौशी मंडळींनी इतकं अवघड संगीत नाटक पेललं कसं?

'घाशीराम'मध्ये नेपथ्य असं जवळजवळ नाहीच. धोतर नेसलेले बारा ब्राह्मण गात, डोलत ओळीने उभे राहतात. प्रेक्षकांकडे तोंड असलं की ते पुण्याचे रहिवासी, पाठ फिरवली की भिंत. ओळ मधूनच फुटते आणि आतली बावनखणी, म्हणजे कलावंतिणींची वस्ती, दिसते, नानांचा विलास दिसतो. ओळ मिटली की सगळं गडप. पडदा, विंगा, दृश्यबदल ही सगळी कामं बारा शरीरांवर सोपवलेली. कल्पना कोकणातल्या खेळे-दशावताराच्या परंपरेतली, पण तिला शहरी रंगमंचावर आणताना चंदावरकरांनी कीर्तन, अभंग, लावणी असे सगळे ढंग एका सूत्रात ओवले. म्हणजे नटाने गायचं, त्याच लयीवर पावलं टाकायची, मान न वळवता शेजाऱ्याची जागा ओळखायची आणि ठरल्या मात्रेला पाठमोरं व्हायचं. एकाचं पाऊल चुकलं तर भिंतीला भगदाड. असा समूह तालमींच्या शिस्तीतूनच उभा राहतो, त्याला दुसरा उपाय नाही. आजही कुणी तरुण संस्था 'आमच्याकडे तांत्रिक बाजूला पैसे नाहीत' म्हणाली की मला ही भिंत आठवते.

माणसं कोण होती तेही पाहावं. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दवाखाना दौंडला. नाना रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात. संगीतकार आनंद मोडक बँकेत. कोतवाल घाशीराम झाले रमेश टिळेकर. आणि संस्थेचा व्याप सांभाळणारे श्रीधर राजगुरू, ज्यांचं नाव प्रेक्षकांना फारसं ठाऊक नसतं. पण संघटक खंबीर नसेल तर हौशी संस्था दुसऱ्या नाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही. या मंडळींनी १९८० मध्ये 'घाशीराम' युरोपात नेलं. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही तो समूह, ती लय थेट पोचली.

मधल्या काळात संस्था एकाच यशावर बसून राहिली नाही. १९७४ मध्ये आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन लावतो. चंद्रकांत काळ्यांचा भाऊराव हा मराठी रंगभूमीवरचा एक ठेवा आहे.

मग १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्तचं १९२८ चं 'थ्री पेनी ऑपेरा' पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलं. दिग्दर्शन पुन्हा जब्बारांचं. इथे अडचण निराळी होती. रॉक, लावणी, नाट्यपद, सगळं एकाच नाटकात. संगीताची बाजू चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांनी सांभाळली. भेंडे मुळात रॉक गायक, मुंबईत अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये गाजलेले. ते इथे नाटकाचा नायक अंकुश झाले. त्यांच्यासमोर माधुरी पुरंदरे, रवींद्र साठे यांच्यासारखे मराठी मातीतले आवाज. एकाच प्रयोगात इतक्या जातींचे आवाज प्रेक्षागृहात मागच्या रांगेपर्यंत शब्दांसह पोचवायचे, हे काम भल्याभल्या व्यावसायिक निर्मात्यांना परवडलं नसतं. हे नाटक केवळ यश मिळतं का पाहण्यासाठी केलेलं नव्हतं. करून बघावं ही ओढ त्यात स्पष्ट दिसते आणि म्हणूनच मला ते 'घाशीराम'इतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढे १९८५ मध्ये अरुण साधूंचं 'पडघम' आलं. विद्यार्थ्यांच्या राजकारणावरचं हे संगीत नाटक तरुण पोरापोरींच्या मोठ्या ताफ्याने रंगवलं.

आणि मग, १९८६ मध्ये, संस्था मुलांकडे वळली. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात आली आणि 'छान छोटे वाईट मोठे' उभं राहिलं. आपल्याकडच्या बालनाट्यात तोवर राजा, राक्षस, परी, चेटकीण यांचं राज्य होतं. ते वाईट होतं असं अजिबात नाही; मोठ्या कौतुकाने पाहिलेलं आहे. पण ग्रिप्सने घरातलंच मूल रंगमंचावर आणलं: आईबाबांची भांडणं ऐकणारं, अंधाराला भिणारं, खेळायला जागा शोधणारं. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात आणि ती बोबडं बोलत नाहीत, उड्या मारून गोडगोड होत नाहीत. हे दिसायला सोपं, करायला फार कठीण. तिशीतल्या नटाने सात वर्षांच्या मुलाचा रुसवा दाखवताना मुलाची टिंगल होता कामा नये, कारण समोर बसलेली सात वर्षांची मुलं ती तत्काळ ओळखतात. गाणी अशी, की कथा थांबवून टाळ्या घेण्यापेक्षा ती मुलाच्या मनातलं बोलतात. एकाच रांगेत आजी, आई आणि नातू बसलेले असतात आणि तिघं वेगवेगळ्या ठिकाणी हसतात.

'नको रे बाबा', 'पहिलं पान' अशी ही माळ वाढत गेली. श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे यांच्यासारख्या पुढच्या पिढीने मराठी ग्रिप्सचं लेखन-दिग्दर्शन हाती घेतलं आणि महाराष्ट्र कल्चरल सेंटरच्या छत्राखाली ते काम पुढे गेलं. त्या नाटकांत तेव्हा मूल झालेले कितीतरी नट-नट्या आज मराठी चित्रपट आणि मालिकांमधले नेहमीचे चेहरे आहेत.